माझे हरवलेले दोन महिने

मला लहानपणी रक्ताचा कर्करोग झाला होता हे कळले की समोरची व्यक्ती बहुतेक वेळा पुढचा प्रश्न विचारतच नाही, उत्तरच देऊन टाकते: "म्हणजे तुम्ही कॅन्सरच्या डॉक्टर झालात!" मी तशी झाले नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. दिवसभर माझ्यासमोर सर्दी, जुलाब, गोवराचे पुरळ, लस टोचून घेण्यासाठी आणलेली तान्ही बाळे आणि परीक्षेच्या सकाळी पोट दुखणारी मुले येतात. माझ्या आजारपणानेच मला वैद्यकशास्त्राकडे नेले, यात शंका नाही. पण ते नेमके कोणत्या वाटेने नेले आणि मोठ्या शहरातल्या कर्करोग रुग्णालयात न थांबवता परत इथे का आणून सोडले, हे मी आजवर सविस्तर लिहिले नव्हते.

१९९८ च्या उन्हाळ्यात मी नऊ वर्षांची होते. चौथीची परीक्षा झाली आणि ताप सुरू झाला. तो चार दिवस येई, दोन दिवस जाई आणि पुन्हा येई. पाय इतके दुखत की रात्री आई कोमट तेल लावून चोळत बसे. नडग्यांवर निळे डाग उठू लागले तेव्हा आईला वाटले की मी कुठेतरी पडते आणि घरी सांगत नाही. दात घासताना पाणी गुलाबी होऊ लागले. गावातल्या आणि तालुक्यातल्या मिळून तीन डॉक्टरांनी मला तपासले. एकदा टायफॉइडचे औषध झाले, एकदा अशक्तपणाचे टॉनिक झाले आणि एकदा संधिवाताचा ताप असावा म्हणून इंजेक्शने झाली. त्या इंजेक्शनांनी मला आठ दिवस फार बरे वाटले. मी अंगणात दोरीवरच्या उड्याही मारल्या. मग ताप परत आला, तो अधिक जोराने.

जून उजाडल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी एका पॅथॉलॉजिस्टने माझ्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि आप्पांना एकट्याला आत बोलावले. आप्पा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक बंद पाकीट होते आणि त्यावर टाटा मेमोरियल रुग्णालयाचे नाव लिहिलेले होते. कापसाची लागवड तोंडावर आलेली होती. न लावलेल्या पिकावर त्यांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि आम्ही रात्रीच्या गाडीने दादरला उतरलो.

परळचे ते रुग्णालय कसे उभे राहिले, हे मला पुष्कळ नंतर कळले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढे सर दोराबजींच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू झाले. ज्या आजाराने एका श्रीमंत घरातली स्त्री वाचू शकली नाही, त्याच आजारासाठी एका कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी तिथल्या बाकावर नंबर लावून बसली होती. मी मात्र तेव्हा फक्त पायऱ्यांवर झोपलेली माणसे मोजत होते.

आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. बाहेरगावाहून आलेल्या कर्करुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची तिथे राहण्याची सोय आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे मला अवेळी प्रचंड भूक लागे आणि आई रात्री अकरा वाजता स्टोव्ह पेटवून मला पिठले करून देई. ते संपेपर्यंत ती माझ्याकडे एकटक पाहत बसे. मी जेवते आहे म्हणजे मी बरी होते आहे, असे तिचे साधे गणित होते. शेजारच्या खोलीतल्या आयाही तेच गणित मांडून आपापल्या स्टोव्हजवळ बसलेल्या असत.

उपचाराच्या त्या काळातल्या दोन व्यक्ती मला आजही माझ्या खोलीत उभ्या असल्यासारख्या दिसतात.

पहिली व्यक्ती म्हणजे डे-केअरमधल्या एक सिस्टर. पाठीच्या मणक्यातून सुई घालून औषध देण्याची माझी पहिली वेळ होती. आधी सगळ्यांनी मला "काही होणार नाही, मुंगी चावेल एवढेच" असे सांगितले होते. सिस्टरांनी माझे गुडघे पोटाशी धरले, स्वतःचे तोंड माझ्या कानाजवळ आणले आणि म्हणाल्या, "दुखणार आहे. पण तू न हलता वीसपर्यंत मोज, विसाला मी तुला सोडते." मी मोजले. दुखले. अठराला सुई बाहेर आली होती, पण वीस म्हणेपर्यंत मी हलले नाही, कारण त्यांनी शब्द पाळला होता तर मीही पाळायला हवा होता. त्या दिवसापासून मला त्या सुईची भीती वाटली, पण त्या खोलीची वाटली नाही. या दोन भीतींत केवढे अंतर असते, हे मला नवव्या वर्षी कळले.

दुसरी व्यक्ती म्हणजे वॉर्डातले एक तरुण डॉक्टर. महिन्याभरात माझा ताप गेला होता, डाग गेले होते आणि बोन मॅरोच्या, म्हणजे हाडांतल्या मगजाच्या, तपासणीत आजार दिसेनासा झाला होता. आप्पांनी अगदी स्वाभाविकपणे विचारले की मुलगी बरी झाली, तर मग आता पुढची दोन वर्षे औषध कशासाठी? डॉक्टरांनी त्यांना पेशींचे विभाजन समजावून सांगितले नाही. त्यांनी विचारले, "दादा, शेतात काय लावता?" कापूस, असे कळल्यावर ते म्हणाले, "एकदा निंदणी केली की तण संपते का?" आप्पा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "नाही. बी जमिनीत राहते." त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी माझी एकही खेप चुकवली नाही. कोणाही वडिलांना माहितीची कमतरता नसते, ती त्यांच्या भाषेत येण्याची गरज असते, असे मी म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो प्रसंग असतो.

त्याच डॉक्टरांनी मला एकदा सांगितले की सलाईनमधून दर आठवड्याला दिले जाणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीतून निघते. आमच्या तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी सदाफुलीची चार झाडे होती, गुलाबी पाच पाकळ्यांची आणि मध्ये गडद ठिपका असलेली. दिवाळीत घरी गेल्यावर मी त्या झाडांसमोर कितीतरी वेळ बसून राहिले. त्याच औषधाने माझ्या पायाच्या नसा दुबळ्या झाल्या होत्या, पाऊल वर उचलत नसे आणि चालताना चप्पल निसटून मागे राहत असे. जे फूल आम्ही देवाला वाहतो त्यात माझा आजार मारण्याची आणि माझे पाऊल लुळे करण्याची अशा दोन्ही शक्ती कशा राहतात, हा मला पडलेला पहिला शास्त्रीय प्रश्न होता. (इथे डॉक्टर म्हणून एक सांगितलेच पाहिजे. सदाफुलीच्या पानांचा काढा कुणीही मुलाला देऊ नये. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि काढ्यातून पोटात काय व किती जाईल हे कुणालाच सांगता येणार नाही.)

वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी औषधशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर व्हिन्क्रिस्टीनचे दुष्परिणाम लिहिले, त्यात तिसऱ्या ओळीत पाऊल लुळे पडणे होते. माझे अख्खे दहावे वर्ष त्या एका ओळीत मावले होते. त्याच वर्षी विकृतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात रक्ताच्या कर्करोगाची काचपट्टी आली. मोठमोठी जांभळी केंद्रके आणि त्यांच्याभोवती निळसर पेशीद्रवाची जेमतेम एक कड, अशा त्या पेशी दाटीवाटीने पसरलेल्या होत्या. मागच्या मुलीने खांद्याला हात लावून "झाले का?" असे विचारेपर्यंत मी डोळा काढला नाही. मला राग आला नाही की रडू आले नाही. जिने माझ्या घरात इतकी उलथापालथ केली ती वस्तू प्रत्यक्षात कशी दिसते हे कळल्याचा एक खोल दिलासा मात्र वाटला.

मणक्यातून दिल्या जाणाऱ्या त्या पिवळ्याजर्द औषधाचा, म्हणजे मेथोट्रेक्झेटचा, इतिहास वाचताना मी तर पुस्तक मिटून बसले होते. ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर १९२८ च्या सुमारास भारतात आल्या आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. परळच्या हाफकिन संस्थेतही त्यांचे काम चाले. यीस्टच्या अर्कात या स्त्रियांना बरे करणारे काहीतरी आहे हे त्यांनी दाखवले, आणि तेच पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने ते आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना असे आढळले की फॉलिक आम्ल दिल्यावर रक्ताच्या कर्करोगाची मुले अधिकच बिघडतात, आणि मग त्यांनी त्याच्या विरुद्ध काम करणारी औषधे सुब्बाराव यांच्या गटाकडून मागवली; मेथोट्रेक्झेट याच घराण्यातले. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना पण मागे हटल्याची नोंद होती, आणि तोवर या आजारात अशी गोष्ट सहसा घडत नव्हती. सुब्बाराव यांचे दोन भाऊ तरुणपणी आठवड्याभराच्या अंतराने संग्रहणीच्या विकाराने गेले होते, आणि त्या विकारावर पुढे हेच फॉलिक आम्ल उपयोगी ठरले. माझ्या पाठीत गेलेल्या त्या दोन-तीन मिलिलिटर औषधामागे परळच्या गिरणीत उभ्या असलेल्या एका गरोदर बाईचे रक्त होते आणि आंध्रातल्या एका घरातली दोन प्रेते होती. आपल्या घरातल्या दुखण्याचे माणूस काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला मिळालेले नाही.

आणि तरीही माझ्या व्यवसायाची दिशा ठरवली ती या थोर माणसांनी नव्हे, तर एका चुरगळलेल्या चिठ्ठीने.

बालरोगशास्त्रात एम.डी. करत असताना मी घरी आले होते. आईने माझ्या आजारपणाची सगळी कागदपत्रे कापडी पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. टाटाची जाडजूड फाईल मी आधी अनेकदा पाहिली होती. त्या वेळी पहिल्यांदाच तिच्याखालचे सुटे कागद काढले. त्यात तालुक्यातल्या डॉक्टरांनी मे महिन्यात लिहून दिलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावर ज्या इंजेक्शनांनी मला आठ दिवस बरे वाटले होते त्यांचे नाव होते. ते स्टेरॉइड होते. एव्हाना मी ते शिकले होते. निदानाआधी दिलेले स्टेरॉइड रक्ताच्या कर्करोगाला काही दिवस झाकून टाकते, ताप उतरतो, सांधे मोकळे होतात, गाठी लहान होतात आणि निदान मागे पडते. खऱ्या उपचाराला सुरुवात होते तेव्हा आजार किती जोखमीचा होता याचा अंदाजही धूसर झालेला असतो. माझ्या दोरीवरच्या उड्यांचा अर्थ मला सोळा वर्षांनी कळला.

त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही. ते दिवसाला शंभर रुग्ण तपासत असत, गावात रक्ताची नीट तपासणी करणारे कुणी नव्हते आणि ज्या आजाराचे मूल त्यांनी कदाचित दहा वर्षांत एकदाच पाहिले असेल तो चटकन ओळखण्याची सवय त्यांना कुणी लावली नव्हती. पण ती चिठ्ठी हातात धरून मी ट्रंकेजवळ बसले होते तेव्हा मला स्पष्ट दिसले की मी वाचले ते परळमध्ये, पण मरणार होते ते इथे. कर्करोगतज्ज्ञाकडे मूल पोहोचेपर्यंत त्याचे अर्धे भवितव्य ठरून गेलेले असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. या दरीची जी कारणे ती देते, त्यांत उशिरा किंवा चुकीचे झालेले निदान आणि अर्ध्यावर सोडलेले उपचार आहेत. ही दोन्ही कारणे तालुक्याच्या गावी राहतात. म्हणून मी इथे आले.

माझ्या तपासणीच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक आहे. फिकट पडलेले, निळे डाग असलेले, आठवड्याहून अधिक दिवस ताप असलेले किंवा रात्री हाडे दुखतात म्हणून जागे होणारे मूल आले की मी रक्ताचा थेंब स्वतः काचपट्टीवर ओढते. शेकडो काचपट्ट्यांत काही नसते. त्याचा मला कंटाळा येत नाही. रक्त पाहण्याआधी मी स्टेरॉइड देत नाही, आणि आसपासच्या गावांतल्या डॉक्टरांना प्रत्येक बैठकीत हे पुन्हा पुन्हा सांगते. अंघोळ घालताना पोटात एका बाजूला काहीतरी टणक हाताला लागते, असे आई म्हणाली तर ते मी ऐकते. फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसते, असे मावशी म्हणाली तर तो फोटो मागवून घेते. "पोऱ्याले रोज ताप येस" असे सांगणाऱ्या आजीचे वाक्य मी अर्ध्यावर तोडत नाही, कारण पुढच्या वाक्यात ती बहुधा महत्त्वाचे काही सांगणार असते.

स्वतः रुग्ण असल्याचा डॉक्टरला उपयोगच होतो, असा एक समज आहे. तो पूर्ण खरा नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी सहा वर्षांच्या एका मुलाचे निदान माझ्याच काचपट्टीवर झाले. त्याच्या आईचे हात थरथरत होते आणि मला राहवले नाही. मी तिला सांगितले की मलाही हाच आजार झाला होता, बघा, मी तुमच्यासमोर बसले आहे. ती शांत झाली, त्याच रात्री गाडीत बसली, आणि मला वाटले की मी फार चांगले केले. तिच्या मुलाचा आजार वर्षभरात उलटला आणि तो गेला. दोन महिन्यांनी ती धाकट्या मुलीला लस द्यायला माझ्याकडे आली. लस झाली, तिने मुलीचा फ्रॉक नीट केला आणि दाराशी थांबून म्हणाली, "तुम्ही तर वाचलात ना, ताई." त्या वाक्यात आरोप नव्हता. खरोखरीचा प्रश्न होता. त्याला माझ्याकडे वैद्यकीय उत्तरे होती, पांढऱ्या पेशींची सुरुवातीची संख्या, गुणसूत्रांतला बदल, औषधांना मिळालेला प्रतिसाद; पण मी तिला पुरावा म्हणून स्वतःला दाखवले होते, आणि माझे वाचणे हा तिच्या मुलाविषयीचा पुरावा कधीच नव्हता. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी माझ्याविषयी काहीही सांगत नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणते, वीसपर्यंत मोजायला सांगते, आणि ठाऊक नसेल तिथे ठाऊक नाही म्हणते.

आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. लहानपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या प्रत्येक मुलाने डॉक्टर होऊन ऋण फेडावे, अशी जी अपेक्षा नातेवाईक नकळत लादतात ती मला मान्य नाही. टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा बाह्यरुग्ण विभाग आहे आणि मीही तिथे जात आले आहे. उपचारातल्या डॉनोरुबिसिन या औषधाचा हृदयावर उशिरा परिणाम होऊ शकतो म्हणून अजूनही माझा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला जातो. तिथे भेटलेल्या माझ्यासारख्यांत कुणी बँकेत आहे, कुणी शिवणकाम करते, कुणी शिक्षिका आहे, कुणाला रुग्णालयाचा वासही सहन होत नाही. त्यांचे जगणे माझ्याहून कणभरही कमी सार्थकी लागलेले नाही.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. आम्ही दोघे एकाच आठवड्यात दाखल झालो, दोघांवर एकाच पद्धतीने उपचार सुरू झाले आणि दोघांचा आजार महिन्याभरात दिसेनासा झाला. तो टक्कल झालेल्या डोक्यावर पेनाने मिशीसारखे केस काढून सगळ्यांना हसवत असे. पेरणीसाठी म्हणून त्याचे वडील त्याला गावी घेऊन गेले आणि परत आले नाहीत. मुलगा तर बरा दिसत होता. पुढच्या वर्षी आईला धर्मशाळेत कुणीतरी त्याची बातमी सांगितली. आईने ती मला सहा महिने सांगितली नाही. त्याच्या वडिलांना कुणी शेतात काय लावता हे विचारले होते की नाही, ते मला माहीत नाही.

माझ्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही आहे. ज्या मुलांना मी पुढे पाठवले आणि ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांची नावे, गावे, पुढच्या तारखा आणि घरचे फोन त्यात आहेत. शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की मी ती वही उघडते आणि एकेक फोन लावते. गेल्या शनिवारी एका सात वर्षांच्या मुलीचे वडील म्हणाले, "डॉक्टरीणबाई, पोरगी शाळेत जाते, सायकल चालवते. एवढ्या गोळ्या आता कशाला?" मी विचारले, "यंदा काय लावले आहे?" मका, असे ते म्हणाले. मग आम्ही थोडा वेळ मक्यातल्या तणाविषयी बोललो. ते काही वेळ गप्प राहिले. नंतर मी त्यांना मर्कॅप्टोप्युरिनच्या उरलेल्या गोळ्या मोजायला सांगितल्या. माझ्या हिशेबाने अठ्ठावीस हव्या होत्या. पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला, त्यांनी मुलीला हाक मारली आणि मोजायचे काम तिच्याकडे दिले. ती फोनवर एकेक गोळी मोजत राहिली, वीस झाल्यावर दम घेण्यासाठी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. अठ्ठावीस भरल्या.